घरगाडीचं वजन

पाटणहून येणारी एस.टी. खिंडीच्या चढावर थांबली, तेव्हा मी खिडकीशी बसून पिशवीतले अस्तराचे तुकडे मोजत होते. पाच मिनिटं झाली, दहा झाली, गाडी हलेना. कंडक्टरनं डोकं बाहेर काढून पाहिलं आणि म्हणाला, पुढं कुणाचं तरी धूड अडकलंय. मीही वाकून पाहिलं. पाहिलं आणि पदर डोक्यावरून खाली ओढून घेतला, कारण ते धूड आमचंच होतं.

जुन्या जीपच्या मागं जोडलेला हिरव्या पत्र्याचा चौकोनी डबा. जीप काळा धूर ओकत वीतभर पुढं जायची आणि हातभर मागं यायची. आमचे हे खाली उतरून चाकामागं दगड लावत होते. बसमधल्या माणसांना तेवढंच निमित्त. एक म्हणाला, कोंबड्यांचं खुराडं दिसतंय. दुसरा म्हणाला, खुराड्याला तरी बरी खिडकी असते, हिला बघा कुठं ठेवलीय, कुणा उंटावरच्या शहाण्याचं काम आहे. खिडकी खरंच चमत्कारिक होती. डाव्या अंगाला, पार कमरेच्या खाली. उभ्या माणसाला तीतून नुसता रस्ता दिसला असता. खोटं कशाला सांगू, पदराआड मीही हसले.

शेवटी कंडक्टरनं सगळ्यांना ढकलायला उतरवलं. लोकांनी हात लावले तसा मीही लावला. ती घरगाडी आमच्या परसात दोन वर्षं बांधली जात होती, पण तिला माझा हात लागला तो त्या दिवशी पहिल्यांदा. पत्रा उन्हानं तापला होता. ह्यांनी मला पाहिलं. हातातला दगड तसाच हातात राहिला. मग रस्त्याकडं बघत म्हणाले, "कुणी ढकलत असेल तर चाकापासून लांब उभं राहावं."

"कुणाला अक्कल असती तर ही वेळच आली नसती," मी पत्र्याला सांगितलं.

शेजारची बाई माझ्याकडं टकमक बघायला लागली. तिचाही काही दोष नाही.

आमच्या घरात तेव्हा अकरा वर्षं 'कुणी' नावाचं तिसरं माणूस राहत होतं. हे त्याच्याशी बोलायचे, मीही त्याच्याशीच बोलायचे. कुणाला जेवायचं असेल तर वाढलंय. कुणी लाइटबिल भरलंय का. कुणाची तरी चप्पल वाटेत पडलीय. एकमेकांशी म्हणून एक शब्द नाही. आमची लेक वैजयंता दर रविवारी भोसरीहून फोन करायची. माझं बोलून झालं की मी रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवून आत जायचे, मग हे येऊन उचलायचे. अबोला धरायला काही लागत नाही, सोडायला मात्र दोघांतल्या एकाला लहान व्हावं लागतं. आम्ही दोघंही मोठेच राहिलो. सुंभ जळला तरी पीळ काही जळत नव्हता.

कारण ऐकाल तर हसाल. कारण माझी शिलाई मशीन. लोखंडी पायांची, पायानं चालवायची, आईनं दुभती म्हैस विकून लग्नात दिलेली. उंब्रजमधल्या निम्म्या बायकांच्या अंगावरचे ब्लाउज त्या मशीनवर शिवलेले आहेत, म्हणून तर मी गावाची कलाकाकू. हे, म्हणजे रंगराव सुतार, साखर कारखान्यात फिटर. पंप असो, मोटर असो, तिच्याखाली पाया घालून तिला बोल्टनं जखडायचं, हे ह्यांचं काम. "बिनपायाची मशीन नाचते, आणि नाचणारी मशीन एक दिवस माणूस खाते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. जेवताना पाट डुगडुगला तरी खाली कागदाची घडी सारल्याशिवाय घास घ्यायचे नाहीत.

तर त्या वर्षी लग्नसराईत एका नवरीकडचे बावीस ब्लाउज माझ्या अंगावर होते. हे रात्रपाळी करून सकाळी आले, झोपायला गेले, आणि इकडं माझी खडखड चाललेली. आदल्याच दिवशी एक पंप पायातून उखडला होता आणि साहेब ह्यांना चारचौघांत घालूनपाडून बोलले होते, पण ते मला फार नंतर कळलं. त्या सकाळी मला दिसलं ते एवढंच, की हे तरातरा आले, मशीनची एक बाजू धरून हातभर उचलली आणि म्हणाले, "हे धूड भंगारात घाल, नाहीतर मी घालतो."

मी तोंडाची फटकळ. म्हणाले, "मशीन जाईल तिथं मी जाईन. घालायचीच असेल तर दोघींना घाला."

त्यांनी मशीन खाली ठेवली. त्या दिवशी आम्ही बोललो नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मग आठवडा गेला, आणि नंतर तर बोलायची लाज वाटायला लागली.

रिटायर झाल्यावर ह्यांनी परसात घरगाडी बांधायला घेतली. 'कुणी'ला सांगून टाकलं, चाकावरचं घर होणार, कोकणाच्या किनाऱ्यानं हिंडायचं. पुढं काही नाही. कोण हिंडणार, किती दिवस, ह्याचा पत्ता नाही. मी चूल सांभाळत ऐकत राहिले. मला त्यांनी एकदा विचारावं, एवढंच मला पाहिजे होतं. 'येतेस का' एवढे दोन शब्द. त्यासाठी मी दोन वर्षं कान टवकारून होते, हे आज सांगायला मला लाज नाही. रोज सकाळी ते परसात जाताना दारात घटकाभर थांबायचे, आणि मला वाटायचं, आज विचारतील. मग वेल्डिंगचा चष्मा डोळ्यांवर चढवून निघून जायचे.

खिंडीतल्या फजितीनंतर एक गोष्ट पक्की झाली, की जीप हे ओझं ओढणार नाही. जोरकस गाडी घ्यायची तर आधी ओझं किती ते कळायला हवं, म्हणून ह्यांनी ट्रॅक्टर लावून घरगाडी कारखान्याच्या काट्यावर नेली, जिथं उसाच्या गाड्यांची वजनं होतात. वजन भरलं अठराशे चाळीस किलो.

हे मला सांगितलं शिराजभाई मुल्लांनी. त्यांचं हायवेवर गॅरेज, जुन्या गाड्यांची खरेदी-विक्रीही करायचे, आणि ह्यांचे जिवाभावाचे दोस्त. बेगमचं कापड द्यायला आले होते, ते पायरीवर बसूनच डोकं धरून म्हणाले, "वहिनी, ह्या माणसाला समजवा. उसाची ट्रॉली बांधतात त्या मापानं घर बांधलंय. तळाला नुसती लोखंडाची चळत आहे, तीनशे किलोची. ती काढली तर साधी पिकअप सुद्धा निदान सपाटीला ओढील. नाही म्हणतो. विचारलं कशाला पाहिजे, तर म्हणतो, काम आहे तिचं."

मी म्हणाले, कारखान्यातला माणूस तो, हलकं काही बांधायचं त्याच्या हातालाच माहीत नाही. शिराजभाईंनाही ते पटलं. साऱ्या गावाला तेच पटलं होतं.

त्यांनी दोन गाड्या बघून ठेवल्या होत्या. एक लहान पिकअप, दोन लाखांची. जीप विकून आणि फंडातलं उरलेलं घालून ह्यांच्याकडं बरोबर तेवढेच होते. दुसरी डबल केबिनची, मोठ्या इंजिनची, कुठलाही घाट हसत चढेल अशी. तिचे साडेतीन. ह्यांचा जीव दुसरीवर जडला होता. दोनदा जाऊन तिच्याखाली झोपून आले होते.

त्याच आठवड्यात मी सकाळी केर काढत होते, तर मशीनच्या चारी पायांभोवती खडूच्या रेघा. मशीन जागची अंगठाभर सरकलेली. टेबलाच्या कडेला ह्यांचा मोजायचा टेप विसरलेला. अकरा वर्षांपूर्वीचं वाक्य माझ्या कानात जसंच्या तसं होतं. मला वाटलं, गाडीला पैसे कमी पडतात म्हणून हा माणूस माझ्या मशीनचं लोखंड मोजतोय. भंगाराच्या भावानं किती येतील त्याचा हिशेब बघतोय. मी ओलं फडकं घेतलं आणि त्या रेघा अशा पुसल्या, की फरशी झिजायचीच बाकी राहिली.

"कुणीतरी माझ्या मशीनला हात लावलाय," मी दुपारी स्वयंपाकघरातून म्हणाले.

बाहेर हातोडी चालतच राहिली. उत्तर आलं असतं तर बरं झालं असतं.

दोन दिवसांनी जेवण झाल्यावर हे ताटावरून उठले नाहीत. ताटात बोटानं रेघा ओढत बसले. मला कळलं, काहीतरी येतंय.

"कुणाकडं दीड लाख असतील," ते भिंतीवरच्या कॅलेंडरला म्हणाले, "तर ती मोठी गाडी घेता येईल. वजन जास्त आहे."

माझी पतपेढीत पावणेदोन लाखांची ठेव होती. तीस वर्षांची शिलाई. त्यांना ते माहीत होतं.

"एकट्या माणसाला कसलं एवढं वजन न्यायचं असतं?" मी विचारलं.

"आहे एक."

"काय आहे?"

एवढं सरळ मी अकरा वर्षांत विचारलं नव्हतं. त्यांनी मान वर केली. नजर माझ्यावरून मशीनवर गेली आणि परत ताटात आली. मी ती नजर पाहिली आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, बघा, अजून मशीनच डोळ्यांत सलतेय.

"ज्याला जायचंय त्यानं हलकं व्हावं आणि जावं," मी म्हणाले. "माझ्या शिलाईचा एक रुपया त्या धुडाला मिळणार नाही."

ते "बरं" म्हणाले, आणि स्वतःचं ताट स्वतः उचलून मोरीत ठेवलं. तसं ते कधी करत नसत.

दुसऱ्या दिवसापासून परसात गॅसकटरचा आवाज सुरू झाला. दोन दिवस ठिणग्या उडत होत्या. तळाची ती लोखंडी चळत कापून त्यांनी तुकड्यातुकड्यांनी बाहेर काढली, गज भंगारवाल्याला दिले, आणि एक जाड प्लेट तेवढी धुण्याच्या दगडाशेजारी आणून टाकली. लहान पिकअप दारात आली. कुणाच्या तोंडावर आनंद नव्हता. शिराजभाई बजावून गेले, की मोकळा डबा ही ओढील खरी, पण घाट उतरलास तर वर यायचं अवघड आहे. ह्यांनी ऐकून घेतलं.

गाडीची पूजा मात्र रीतीप्रमाणं मीच केली. घरात नवी गाडी आली की घरच्या बाईनं ओवाळायचं असतं, अबोला असो नाहीतर वैर असो. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ ह्यांनी फोडला. तबक हातात घेऊन मी दारातच उभी राहिले. ह्यांनी डावीकडचं दार उघडलं, खांद्यावरच्या टॉवेलनं ती सीट पुसली, आणि दार तसंच उघडं ठेवून इंजिनाशी काहीतरी खुडबुड करायला लागले. बराच वेळ करत होते. मी म्हटलं, निघायचं असेल तर निघावं कुणी, ऊन चढतंय. मग त्यांनी येऊन दार लावलं.

घरगाडी वळणापलीकडं गेली तेव्हा मला आधी बरं वाटलं. म्हटलं, सुटले एकदाची. संध्याकाळी चहा केला आणि सवयीनं म्हणाले, कुणाला चहा हवा असेल तर ठेवलाय. माझाच आवाज मला मोठा वाटला. त्या दिवशी कळलं, की अबोल्याला सुद्धा दोन माणसं लागतात. एकटीनं तो धरता येत नाही. नुसतीच गप्प असते बाई.

वैजयंताकडून खबर कळायची. बाबा गुहागरला आहेत, मग हेदवी, मग वेळणेश्वर. मी विचारायचे, काय म्हणतात. ती सांगायची, बाबा म्हणाले, समुद्र आहे. मी म्हणायचे, मग तिथं काय माळरान असणार होतं. ती हसायची, पण फोन ठेवताना तिचा आवाज जड व्हायचा. एकदा म्हणाली, "आई, बाबांना तिथं करमत नाहीये." मी तिला भाजीचा भाव सांगितला.

मशीन तेवढी माझ्याशी बोलायची. पण दुपारभर शिवून मान वर केली, की समोरची खुंटी रिकामी. ह्यांचा टॉवेल तिथं असायचा. कपडे धुवायला मी त्या लोखंडी प्लेटवर बसायचे. छान होती, चार कोपऱ्यांना चार भोकं होती, पाणी झटकन निथळून जायचं. एक महिना मी तिच्यावर कपडे आपटले.

मग एका सकाळी बोळातली नळाची लाइन फुटली आणि पाणी थेट बाहेरच्या खोलीत. मशीनचे पाय पाण्यात. लोखंड गंजलं की संपलं, म्हणून मी शिराजभाईंना फोन केला. ते दोन माणसं घेऊन आले. विटांचा थर लावू म्हणाले, आणि वर ठेवायला काही सपाट, भक्कम आहे का विचारलं. मी परसातली प्लेट दाखवली. त्यांनी ती धुऊन आणली, विटांवर बसवली, आणि तिघांनी मिळून मशीन उचलून वर ठेवली.

ठेवली, आणि शिराजभाई ओणवे झाले ते तसेच राहिले.

"वहिनी," ते म्हणाले, "भोकं जुळतायत."

मी म्हटलं, कसली भोकं. ते गुडघ्यांवर बसले, मशीनच्या चारी पायांना असतात ती छिद्रं त्यांनी बोटानं चाचपली. ती कशासाठी असतात हे मला चाळीस वर्षांत कधी समजलं नव्हतं. खाली प्लेटची भोकं बरोबर त्यांच्याखाली. केसभर इकडं नाही की तिकडं नाही.

"हा पंपाला घालतात तसला पाया आहे," ते सावकाश म्हणाले. "कापलेली चळत धरून तीनशे किलोचा. शिलाई मशीनला. ह्याचे बोल्ट कुठंतरी असणार."

बोल्ट होते. हे गेले त्या दिवसापासून मशीनच्या खणात चार बोल्ट घरंगळत होते, नट आणि रबराच्या चकत्या लावलेले. मी ते ह्यांचा पसारा म्हणून एका डबीत टाकले होते. डबी आणून दिली. चारही बोल्ट बिनबोभाट खाली उतरले. आणि मग मला सगळं एकदम दिसायला लागलं. खडूच्या रेघा. टेप. आहे एक, म्हणाले होते ते वजन. आणि ती चमत्कारिक खिडकी, डाव्या अंगाला, कमरेच्या खाली. उभ्या माणसाच्या कामाची ती नव्हतीच. मशीनवर बसलेल्या बाईच्या डाव्या अंगानं सुईवर उजेड यावा, एवढ्या उंचीवर ती होती. मी जन्मभर तशीच बसत आले होते, डावीकडं खिडकी धरून, आणि ते त्यांनी कधी पाहून ठेवलं मला ठाऊक नाही.

मशीन जाईल तिथं मी जाईन. मी भांडणात म्हटलं होतं. त्यांनी ते अकरा वर्षं लक्षात ठेवलं आणि मला न्यायचं म्हणून आधी मशीनची सोय केली. सोय तरी कशी, तर फिटरची. पायानं चालवायच्या मशीनला कारखान्यातला पाया. त्या पायाला पेलायला दीड लाखाची जादा गाडी. आणि मी सांगितलं, हलकं व्हावं आणि जावं. मी त्या पाण्यातच खाली बसले आणि मोठमोठ्यानं रडले. शिराजभाईंनी माणसांना बाहेर पाठवलं, आणि नट हातानंच लावत बसले, माझ्याकडं न बघता.

वैजयंताकडून नंबर घेतला आणि फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर त्यांनी उचलला. मागं लाटांचा आवाज येत होता. कुणी बिणी मला काही सुचेना.

"अहो, मी बोलतेय," मी म्हणाले.

पलीकडं काहीच नाही. मला वाटलं, ठेवला की काय.

"घरात पाणी शिरलं होतं. मशीन तुम्ही केलेल्या पायावर ठेवलीय."

"बोल्ट बसले?" त्यांनी विचारलं.

"चारही बसले."

"नट आवळले का पान्यानं?"

"नाही. हातानंच लावलेत."

"मग असू दे," ते म्हणाले. "पाना लावू नको. परत काढायची आहे." आणि थोडं थांबून, "जेवलीस का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी नुसती पिकअप दारात आली. शिराजभाई म्हणाले तेच झालं होतं. कुंभार्ली घाटाच्या दुसऱ्याच वळणावर ह्या गाडीनं मान टाकली, तेव्हा हे तशीच मागं घेऊन परत खाली उतरले, आणि चिपळूणच्या अलीकडं एका आंबेवाल्याच्या आवारात घरगाडी ठेवून आले. मी पाण्याचा तांब्या हातात दिला आणि पहिलं काय केलं असेल तर भांडले. ताकाला जाऊन भांडं लपवलंत, म्हटलं, सरळ विचारायला काय धाड भरली होती.

ते पाणी प्यायले, तांब्या खाली ठेवला. "विचारलं असतं आणि तू नाही म्हणाली असतीस, तर पुढं बांधायला हात उचलला नसता," ते म्हणाले. मी आत जाऊन त्यांचं ताट वाढायला घेतलं.

ती मोठी गाडी तोवर विकली गेली होती. तशी दुसरी शोधण्यात पुढचे महिने गेले. आता आम्ही दोघं जायचो बघायला. हे खाली झोपून इंजिन बघायचे, आणि मी डाव्या सीटवर चढून बघायचे, की गुडघे दुखतात का. दोन गाड्या मी त्यापायी नाकारल्या आणि ह्यांनी चकार शब्द काढला नाही. शेवटी तासगावात एका द्राक्षवाल्याची पसंत पडली. ठेव मोडून विसार माझ्याच हातानं दिला. त्याची नवी गाडी संक्रांतीला येणार होती, तेव्हा ही आमच्या ताब्यात मिळायची होती. मग घाट उतरायचा, घरगाडी वर आणायची, पाया परत जोडायचा, असं ठरलं.

मार्गशीर्षात एका सकाळी हे पायरीवर बसून बूट घालत होते. एक घातला. दुसरा हातात राहिला. मी आतून दोनदा हाक मारली, नावानं नाही, पण 'अहो' म्हणून.

आठ महिने आम्ही बोललो. अकरा वर्षांचं साठलेलं तेवढ्यात कुठं संपायला. तासगावची गाडी मी सोडून दिली, विसार मागायला गेले नाही. घरगाडी त्या आंबेवाल्यानंच घेतली. एकदा जाऊन पाहून आले. राखणदाराचं बिऱ्हाड आहे तिच्यात. त्याची बायको त्या खालच्या खिडकीशी बसून तांदूळ निवडत होती. म्हणाली, आजी, ह्या खिडकीचा उजेड भारी चांगला पडतो बघा. मी हो म्हणाले आणि पहिल्या एस.टी.नं परत आले.

हे गेले त्याला आता चौदा वर्षं झाली. गाव माझ्याकडं हल्ली पिको-फॉलचं काम देतं, मोठं काही झेपत नाही. मशीन अजून त्या प्लेटवरच आहे. हातानं लावलेले नट चालवता चालवता सैल होतात, मग मी पुन्हा हातानं फिरवते. मशीन नाचते, टाका वाकडा पडतो, बायका कुरकुरतात. शिराजभाई कधी नातवाचा सदरा घेऊन येतात, खडखड ऐकतात आणि खिशातून पाना काढतात. म्हणतात, "वहिनी, दोन मिनिटांचं काम आहे. एकदा आवळून टाकतो."

मी म्हणते, "राहू द्या. परत काढायची आहे, असं कुणीतरी सांगून गेलंय."